प्रश्न तुमचे : गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा कुठे घालावा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नाशिक आणि परिसरातील आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय महागडा गेमिंग लॅपटॉप हाच आहे. कुणाला नवा घ्यायचा आहे, तर कुणाला घेतलेल्याची क्षमता वाढवायची आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून सात प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे वाचण्यापूर्वी एक भेद मात्र मनाशी पक्का करावा. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, स्क्रीन आणि उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा या गोष्टी खरेदीच्या दिवशी जशा घेतल्या तशाच शेवटपर्यंत राहतात. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढे केव्हाही बदलता येतात. माझी जवळपास सगळी उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

प्रश्न : मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो ब्लेंडरवर थ्रीडी मॉडेलिंग शिकतो आणि गेमही खेळतो. एम. जी. रोडवरील दुकानात आम्हाला साधारण एकाच किमतीचे दोन लॅपटॉप दाखवले. पहिल्यात आरटीएक्स ५०७० टीआय ही ग्राफिक्स चिप, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी आहे. दुसऱ्यात आरटीएक्स ५०७०, ३२ जीबी रॅम आणि २ टीबी एसएसडी आहे. दुकानदारांच्या मते दुसऱ्यात जास्त माल मिळतो. आपला सल्ला काय? (एक पालक, गंगापूर रोड)

उत्तर : पहिला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.

दुसऱ्या लॅपटॉपमध्ये जे जास्त आहे, ते सगळे नंतर विकत मिळते. पहिल्यामध्ये जे जास्त आहे, ते नंतर कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४६०८ क्युडा कोअर (एकाच वेळी गणिते करणारे छोटे घटक) आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरी असते, तर ५०७० टीआयमध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी असते. ही मेमरी ग्राफिक्स चिपच्या शेजारी मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. आपण बाजारातून आणून बसवतो ती रॅम वेगळी, आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. आजचे मोठे गेम टेक्स्चरच्या, म्हणजे पृष्ठभागांवरच्या बारकाव्यांच्या, सर्वांत वरच्या सेटिंगवर चालवले, किंवा ब्लेंडरमध्ये जड सीन रेंडर करायला, म्हणजे त्याचे अंतिम चित्र बनवायला, घेतला, की ८ जीबी भरून जाते. त्यानंतरचा डेटा साध्या रॅममध्ये ढकलावा लागतो, आणि तेथून तो परत आणण्याचा वेग ग्राफिक्स मेमरीच्या मानाने फारच कमी असल्यामुळे चित्र मधूनच अडखळते. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, सरासरी चांगली असतानाही 'गेम अटकतोय' अशी तक्रार मुले करतात, तिचे एक मोठे कारण हेच असते.

आता तपासायच्या तीन गोष्टी. पहिली गोष्ट वॅटची. एकाच नावाची ग्राफिक्स चिप वेगवेगळे लॅपटॉप वेगवेगळ्या वीजमर्यादेत चालवतात. ५०७० टीआयसाठी ती चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ठरवलेली मूळ मर्यादा ६० ते ११५ वॅट इतकी रुंद आहे. ६० वॅटवर बांधलेली टीआय आणि ११५ वॅटची टीआय यांची कामगिरी सारखी असूच शकत नाही, पण खोक्यावरचे नाव तेच असते. दुकानात लॅपटॉप सुरू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडायला सांगा. तेथे 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीसमोर वॅटचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो. हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि चांगला दुकानदार त्याला नाही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट, रॅम खरोखरच स्लॉटमध्ये आहे का. काही पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर५एक्स जातीची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. असे असेल तर माझा सल्ला उलटा होतो, कारण मग १६ जीबी ही त्या लॅपटॉपची जन्मभराची मर्यादा ठरते. तिसरी गोष्ट मक्स स्विचची. हा स्विच नसेल, तर ग्राफिक्स चिपने तयार केलेले चित्र आधी प्रोसेसरमधील छोट्या ग्राफिक्सकडे जाते आणि मग स्क्रीनवर येते, त्या वळशात वेग जातो. स्विच असेल तर चित्र थेट स्क्रीनवर येते. या किमतीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो असतो, तरी खात्री करून घ्यावी.

आणखी एक सूचना मुलासाठी. इंटरनेटवर चाचण्यांचे व्हिडिओ पाहताना ती चिप डेस्कटॉपची आहे की लॅपटॉपची, हे आधी पाहावे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कोअर आणि ३२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते. नाव एक असले तरी या दोन निराळ्या चिप आहेत. मागच्या पिढीतील ४०९० चेही असेच होते.

प्रोसेसरविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण दुकानात त्यावर बरीच चर्चा होते म्हणून लिहितो. २५६० गुणिले १६०० पिक्सेलच्या स्क्रीनवर खेळताना बहुतेक गेममध्ये ग्राफिक्स चिपच आधी दमते. त्यामुळे आठ चांगल्या कोअरचा प्रोसेसर असेल, तर चोवीस कोअरसाठी वेगळे पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे ग्राफिक्सच्या वरच्या पायरीकडे वळवावेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच डीडीआर५ रॅम स्टिक आहे. घरातील जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची डीडीआर४ स्टिक पडून आहे, ती रिकाम्या स्लॉटमध्ये चालेल का? नाही तर कोणती घ्यावी? आणि मी स्वतः लॅपटॉप उघडला तर वॉरंटी जाईल का? (एक विद्यार्थिनी, सिडको)

उत्तर : डीडीआर४ ही रॅमची आधीची पिढी आहे, ती अजिबात चालणार नाही, आणि ती बसवण्याचा प्रयत्नही करू नये. लॅपटॉपच्या डीडीआर४ स्टिकला २६० पिना असतात आणि डीडीआर५ ला २६२. दोघींची खाच वेगवेगळ्या जागी असते, आणि विजेचा दाबही अनुक्रमे १.२ आणि १.१ व्होल्ट असा निराळा असतो. जोर लावला तर स्लॉट मोडेल, आणि स्लॉट मोडला की मदरबोर्डचाच खर्च समोर येतो.

दुसरी १६ जीबीची डीडीआर५ स्टिक घेणे हा तुमच्या लॅपटॉपवर करता येण्यासारखा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. केवळ रॅम दुप्पट होते एवढाच त्याचा लाभ नाही. एका स्टिकवर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील वाट ६४ बिटांची असते. दोन स्टिक बसल्या की ती १२८ बिटांची होते. ज्या गेममध्ये प्रोसेसरवर भार जास्त असतो, तेथे हा फरक डोळ्यांना जाणवतो, विशेषतः गर्दीच्या दृश्यात फ्रेम एकदम कोसळण्याचे प्रमाण कमी होते.

खरेदीपूर्वी टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडून दोन आकडे टिपून घ्या. वेग किती आहे आणि किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत, हे तेथे दिसते. सध्याची स्टिक ५६०० वेगाची असेल तर दुसरीही ५६०० चीच घ्या, कारण दोन वेग एकत्र आले की दोघी कमी वेगाने चालतात. जास्त वेगाच्या, झगमगीत वेष्टनातील महाग स्टिकसाठी पैसे घालवू नका. तो वेग सुरू करण्याची सोय बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, दिलेलीच नसते. ८ जीबीची स्टिक स्वस्त मिळते म्हणून तीही घेऊ नका. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर सहसा रुंद जातीच्या चारच चिप असतात, आणि त्यांच्यात एकाच वेळी कामाला लावता येणारे मेमरीचे गट १६ जीबीच्या स्टिकमधील चिपच्या निम्मे असल्यामुळे वेग तोच लिहिलेला असूनही प्रत्यक्षात ती मागे पडते.

बसवताना घाई करू नये. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पालथा ठेवावा. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्या कागदावर त्याच्याच जागी चिकटपट्टीने लावावा. तळाचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डजवळ फुगवटा येतो. झाकण प्लास्टिकच्या पातीने कडेकडेने सोडवावे आणि आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. रॅमची स्टिक तिरकी धरून पूर्ण आत सरकवावी, सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे, आणि मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्यांचा 'टक' असा आवाज येतो. त्यानंतरची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. नवी डीडीआर५ रॅम बसवून पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन एक-दोन मिनिटे, कधी त्याहूनही जास्त, काळीच राहते. लॅपटॉप त्या वेळी नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. बिघडला या भीतीने बटण दाबून तो मध्येच बंद करू नये.

वॉरंटीबाबत उत्तर कंपनीवर अवलंबून आहे. अनेक कंपन्या रॅम आणि एसएसडी बदलण्याची कृती स्वतःच्या मॅन्युअलमध्येच छापतात आणि ग्राहकाने ती केली तर वॉरंटी नाकारत नाहीत. मात्र आपल्या हातून काही मोडले, तर ते नुकसान वॉरंटीत धरले जात नाही. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. कंपनीला मॉडेल क्रमांकासह ईमेल करून विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. पुढे काही वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना तो ईमेल उपयोगी पडतो.

प्रश्न : माझ्याकडील १ टीबी एसएसडी भरली आहे. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट रिकामा आहे. जेन ५ (पाचव्या पिढीची) एसएसडी घेतली तर गेम अधिक वेगाने चालतील का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : चालणार नाहीत. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, चालतो मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या बळावर. जेन ४ एसएसडी सेकंदाला सुमारे ७००० मेगाबाइट वाचते आणि जेन ५ साधारण १४,००० पर्यंत जाते. परंतु गेम उघडण्याच्या वेळेत या दोघींमधला फरक हातात घड्याळ धरले तरच कळण्याइतका असतो. जेन ५ अधिक तापते, आणि लॅपटॉपमध्ये तिला गार ठेवायला जागा नसते. शिवाय तुमचा दुसरा स्लॉट जेन ४ चा असेल, तर ती तेवढ्याच वेगाने चालेल. २ टीबीची चांगली जेन ४ एसएसडी घ्यावी आणि वाचलेले पैसे खिशात ठेवावेत.

निवडताना टीएलसी प्रकार (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवणारा) पाहावा. चार बिट साठवणारी क्यूएलसी स्वस्त पडते, पण एका दमात शंभर-दीडशे जीबीचा गेम उतरवताना तिचा वेग मध्येच फार खाली येतो. स्लॉट २२८० मापाचा, म्हणजे ८० मिलिमीटर लांब एसएसडीचा आहे की आखूड २२४२ चा, हे लॅपटॉप उघडून किंवा मॅन्युअलमध्ये पाहून मगच ऑर्डर द्यावी. चिप एकाच बाजूला असलेली एसएसडी घ्यावी, कारण दोन्ही बाजूंनी जाड असलेली काही लॅपटॉपमध्ये बसतच नाही. रिकाम्या स्लॉटजवळचा बारीक स्क्रू कंपनीने दिलेला नसेल, तर तोही वेगळा मागून घ्यावा. विंडोजमध्ये २ टीबीऐवजी १८६३ जीबी दिसले म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे तो फरक पडतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप पहिली वीस मिनिटे शंभराच्या वर फ्रेम देतो, नंतर साठवर येतो. प्रोसेसरचे तापमान ९८ अंश दाखवते. डिसेंबरात हा त्रास जवळजवळ नव्हता. दुरुस्तीवाले चिपवर लिक्विड मेटल (उष्णता वाहून नेणारा द्रव धातू) लावू म्हणतात. लावावे का? (एक वाचक, आडगाव)

उत्तर : लावू नये. आधी पंखे आणि जाळी साफ करावी, नंतर चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलावी, आणि मग सेटिंग पाहावे. याच क्रमाने बहुतेक लॅपटॉप ताळ्यावर येतात.

तुमच्या पत्रातच निम्मे निदान आहे. वीजवापर तोच असला, तर चिपचे तापमान खोलीतील हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहते. म्हणून खोली पंधरा अंशांनी तापली की चिपही तितक्याच अंशांनी तापते. निफाडपासून आडगावपर्यंत डिसेंबरातली रात्र कशी असते आणि एप्रिल-मेमधली दुपार कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. चिप १०० अंशांच्या आसपास पोहोचली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. लॅपटॉप त्याने जळत नाही, पण आपण ज्यासाठी पैसे मोजले तो वेग मिळत नाही. यासाठीच हिवाळ्यात लॅपटॉप घेणाऱ्यांनी 'गार चालतो' एवढ्यावर समाधान मानू नये.

धूळ मात्र ऋतूवर सोडता येत नाही. महामार्गाजवळच्या वस्तीत आणि सध्या शहरभर चाललेल्या रस्त्यांच्या कामांच्या आसपास तर नाहीच नाही. गेल्या उन्हाळ्यात मी असाच एक लॅपटॉप उघडला होता. पंख्याची पाती जवळजवळ स्वच्छ दिसत होती, त्यामुळे मालकाला वाटत होते की आत धूळ नाही. पंख्याचे झाकण काढल्यावर पाती आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये राखाडी थर दिसला. चिमट्याने एक टोक धरून ओढले, तर तो नमद्यासारखा सलग निघाला, जाळीच्या रुंदीचा आणि चांगला जाड. त्या लॅपटॉपची हवा बाहेर जाण्याची वाटच बुजली होती. बाहेरून ब्लोअर मारला असता, तर हा थर आणखी घट्ट बसला असता. साफसफाई करताना पंख्याची पाती काडीने किंवा बोटाने अडवून धरावीत. माझ्या हातून एकदा हे राहून गेले. ब्लोअरच्या झोताने पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरला, त्याचे बेअरिंग घरघरू लागले आणि तो पंखा मला बदलून द्यावा लागला.

दोन वर्षांत कारखान्यातील थर्मल पेस्टही वारंवार तापून-गार होऊन कडेला सरकलेली असते. ती बदलताना पेस्टऐवजी फेज चेंज पॅड मागावा. हनीवेलचा पीटीएम ७९५० हा त्यातील सर्वांत परिचित आहे. साधारण ४५ अंशांच्या वर तो मऊ होऊन चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधील बारीकशी फट भरून काढतो, आणि पेस्टसारखा लवकर सरकत नाही. लिक्विड मेटल उष्णता अधिक चांगली वाहून नेते, हे खरे आहे. परंतु ते गॅलियमचे मिश्रण असते, त्यातून वीज वाहते आणि ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकते. काही कंपन्या कारखान्यात ते लावतात, पण तेव्हा चिपभोवती बांध घातलेला असतो. तसा बांध नसलेल्या लॅपटॉपमध्ये एक थेंब जरी शेजारच्या भागांवर ओघळला, तरी मदरबोर्ड जातो. रोज पाठीवरच्या बॅगेतून ये-जा करणाऱ्या लॅपटॉपमध्ये ही जोखीम घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

यानंतरचे उपाय बिनखर्चाचे आहेत. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवावी, कारण हवा तळातून आत घेतली जाते. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळणे म्हणजे ती हवा बंद करणे होय. गेममध्ये फ्रेमची मर्यादा घालावी. जो गेम शंभर फ्रेमवर सुरळीत दिसतो, तो दीडशेवर पळवून जास्तीची उष्णता कशाला ओढवून घ्यायची? कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची वॅटमर्यादा खाली आणता येत असेल, तर ती थोडी थोडी कमी करून पाहावी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा एकाच तांब्याच्या नळ्यांवर बसवलेल्या असतात, त्यामुळे प्रोसेसर गार झाला की ग्राफिक्सलाही वाव मिळतो. ज्यांना थोडी सवय आहे, त्यांनी एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरने ग्राफिक्स चिपचे व्होल्टेज किंचित उतरवावे. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून लहानशा कपातीनेही चांगला फरक पडतो. गेम बंद पडू लागला की एक पायरी मागे यावे.

प्रश्न : २४० हर्ट्झची (सेकंदाला २४० चित्रे दाखवणारी) ओएलईडी स्क्रीन, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी, घ्यावी की मागून उजेड टाकणारी आयपीएस? मी गेम खेळतो आणि लग्नांचे फोटो एडिट करतो. (एक छायाचित्रकार, कॉलेज रोड)

उत्तर : तुमच्या कामासाठी ओएलईडीचा काळा रंग आणि रंगांची व्याप्ती उत्तम आहे, आणि वेगवान गेममध्ये तिच्यावर चित्राची शेपटी राहत नाही. मात्र एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या रोज आठ-आठ तास त्याच जागी उजळलेल्या राहणार असतील, तर काही वर्षांनी त्यांचा डाग स्क्रीनवर उमटू शकतो. तुमचे दिवसातील मोठे काम एडिटिंग असेल, तर डीसीआय-पी३ या सिनेमाच्या रंगमानकाचे १०० टक्के रंग देणारी आयपीएस किंवा मिनी-एलईडी स्क्रीन मी सुचवेन. टास्कबार लपवण्याची आणि उजेड मर्यादेत ठेवण्याची शिस्त पाळणार असाल, तर ओएलईडी घ्यावी.

माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (रंगांची व्याप्ती मोजण्याचे जुने मानक) असे लिहिलेली स्क्रीन मात्र, लॅपटॉप कितीही मोहक असला तरी, घेऊ नये. एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकाच्या मोजमापात ते जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास भरते, आणि नवरीच्या शालूचा लाल रंग त्या स्क्रीनवर विटकरी दिसेल. हर्ट्झच्या मागेही फार लागू नये. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १६५ वर सुमारे ६, तर २४० वर ४.२, पहिली उडी मोठी आहे, दुसरी लहान. २५६० गुणिले १६०० पिक्सेलवर मोठ्या गेममध्ये २४० फ्रेम देणारी ग्राफिक्स चिपही हवी, ती तुमच्या बजेटमध्ये असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

प्रश्न : चार्जिंग सुरू असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला हात लावला की मुंग्या येतात. लॅपटॉप सदोष आहे का? आणि वीज जाते-येते म्हणून यूपीएस घ्यावा का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : दोष बहुधा लॅपटॉपमध्ये नसून घरातील अर्थिंगमध्ये आहे. अडॅप्टरमधील फिल्टरमुळे अगदी सूक्ष्म वीज धातूच्या भागापर्यंत येते. एरवी ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाते. पिन दोन भोकांच्या एक्स्टेंशनमध्ये कन्व्हर्टर लावून बसवली असेल, किंवा सॉकेटची अर्थिंगची तार तुटली असेल, तर ती आपल्या हातातून वाट शोधते. मुंग्यांनी सहसा इजा होत नाही, पण अर्थिंग नसलेल्या त्याच घरात गीझर आणि फ्रीजही चालू असतात. म्हणून कन्व्हर्टर काढून टाका आणि याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे यूपीएसची गरज नाही. वीज गेल्यावर गेम मंदावतो, कारण २८० किंवा ३३० वॅटचा अडॅप्टर देतो तेवढी शक्ती बॅटरी देऊ शकत नाही. सर्ज प्रोटेक्टर मात्र जरूर घ्यावा. ऑनलाइन सामना मध्येच तुटू नये असे वाटत असेल, तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस अधिक उपयोगाचा आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी. उन्हाळ्यात पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर थकते.

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०६०, ६ जीबीचा लॅपटॉप आहे. फक्त ग्राफिक्स चिप बदलून नवी बसवता येईल का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : नाही. एके काळी काही लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचे काढता येणारे ग्राफिक्स कार्ड असे; तुमच्या लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. कुणी 'बदलून देतो' म्हणाले, तर तो मदरबोर्ड बदलण्याचा खर्च असतो आणि तो परवडत नाही. थंडरबोल्ट या वेगवान पोर्टवर बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा मार्ग आहे, पण त्या केबलची वाट अरुंद असल्यामुळे कार्डची बरीच ताकद वाया जाते, आणि वेगळा डबा, वेगळा वीजपुरवठा, वेगळे कार्ड असा खर्च वाढत जातो.

लॅपटॉप साफ करून, थर्मल पेस्टऐवजी पॅड लावून, रॅम दोन स्टिकची आणि एकूण ३२ जीबी करून, गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली ठेवले, तर हा लॅपटॉप अजून चांगला चालेल. एवढ्यानेही भागत नसेल आणि तो फारसा घराबाहेर न्यावा लागत नसेल, तर पुढचे पैसे डेस्कटॉपमध्ये घालावेत, कारण तेथे दर चार-पाच वर्षांनी एकटे ग्राफिक्स कार्ड बदलता येते. त्या वेळी लॅपटॉपमधील एम.२ एसएसडी काढून डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवता येईल. रॅम मात्र नेता येणार नाही, कारण लॅपटॉपची स्टिक आखूड असते आणि डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती बसत नाही.